मागच्या अंगणात हिमनदीचे दगड? आणि हिमयुग मुळात येतं कशामुळे?

सातारकर_जर्सीत
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत मेट्यूचनजवळ राहतो. मेथी-मिरचीच्या वाफ्यासाठी मागचं अंगण खणायला घेतलं, तर दीड फुटावरच पहार अडकली. खाली दगडच दगड. मुठीएवढे, नारळाएवढे, एक तर दोघांनी मिळून बाहेर काढावा लागला. आमच्या साताऱ्याच्या रानात दगडांना तोटा नाही, पण ते सगळे एका जातीचे, काळे. इथे एकाच खड्ड्यात लाल, करडे, पट्ट्यापट्ट्यांचे निघाले. एक जांभळट आहे, त्यात पांढऱ्या गारा चिक्कीतल्या दाण्यांसारख्या बसल्यात. शेजारचे आजोबा म्हणतात, हे सगळं हिमनदीने आणून टाकलंय. खरं का? आणि तेव्हा गाड्या नव्हत्या, कारखाने नव्हते, मग एवढा बर्फ आला कशाने आणि गेला कशाने?

दगडवाली_ताई
दादा, आजोबा अगदी बरोबर सांगतायत. तुमचं घर टर्मिनल मोरेनवर किंवा त्याच्या काठाला असणार. सुमारे 25,000 वर्षांपूर्वी उत्तरेकडून सरकत आलेला हिमस्तर पर्थ अँबॉय, मेट्यूचन, प्लेनफील्ड, समिट या रेषेवर येऊन थांबला. पुढचं टोक वितळत होतं आणि मागून येणारा बर्फ माल आणून ओतत होता. त्याचाच हा बांध.

तुमचा चिक्कीसारखा दगड म्हणजे बहुधा पुडिंगस्टोन. तो मूळचा ग्रीन पाँड डोंगराकडचा, तुमच्यापासून पन्नासेक किलोमीटर वर. लाल शेल, म्हणजे थराथरांचा मातकट दगड, मात्र इथलाच.

नदीने आणले नाहीत कशावरून? नदी सुपासारखी पाखडते, जड मागे ठेवते, हलकं पुढे नेते. म्हणून नदीकाठी गोट्यांचा थर वेगळा आणि वाळूचा वेगळा. बर्फ काहीच निवडत नाही. पिठासारख्या मातीत धोंडा रुतलेला सापडला की समजायचं, हे बर्फाचं काम.

आता कारण. पृथ्वीचा आस कायम एकसारखा कलत नाही. सुमारे 41,000 वर्षांच्या फेऱ्यात तो 22.1 ते 24.5 अंशांमध्ये कमी-जास्त होतो. शिवाय तो भोवऱ्यासारखा डुलतो, आणि सूर्याभोवतीची कक्षाही कधी जास्त लांबट, कधी जवळजवळ गोल होते. ग्लासगोच्या एका कॉलेजात शिपायाचं काम करणाऱ्या जेम्स क्रॉलने 1864 मध्ये हा धागा पकडला. त्याचा भर कडक हिवाळ्यावर होता. पुढे सर्बियाच्या मिलुतिन मिलानकोविचने वर्षानुवर्षं हाताने गणितं केली आणि उन्हाळ्यावर बोट ठेवलं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतोच. उत्तरेचा उन्हाळा मवाळ झाला की तो वितळून संपत नाही, आणि पुढच्या वर्षीचा त्यावर चढतो. पांढरी जमीन ऊन परत फेकते, थंडी वाढते. गार समुद्र कार्बन डायऑक्साइड जास्त शोषतो, त्याने आणखी गारठा. उन्हाळा पुन्हा तापला की हेच चक्र उलटं फिरतं. 1976 मध्ये समुद्रतळाच्या गाळात हेच कालावधी सापडले, तेव्हा बऱ्याच जणांचं समाधान झालं.

कोकणचा_किनारा
छान लिहिलंत ताई. एक भर घालतो. हिमयुगाच्या ऐन भरात जमिनीवर इतकं पाणी गोठून बसलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. मुंबईपासून 160 किलोमीटर आत समुद्रात बॉम्बे हायच्या तेलविहिरी आहेत ना, तिथे पाणी 75 मीटरच्या आसपास खोल. म्हणजे तेव्हा तिथवर चालत जाता आलं असतं!
पण मग आमच्या घरी काका म्हणतात तेही खरं का, की हवामान आधीही बदलायचं, आताचंही तसंच?

दगडवाली_ताई
काकांना वेग दाखवा. अंटार्क्टिकाच्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेत, 8 लाख वर्षांपर्यंतचे. त्यात हिमयुगात कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे 180 भाग दिसतो, उबदार काळात 280 च्या आसपास. मागच्या हिमयुगातून बाहेर पडताना ही चढण हजारो वर्षं चालली. आपण 280 वरून 420 च्या पुढे दोन-अडीचशे वर्षांत आलो. आणि आज आसाचा कल हळूहळू कमी होतोय, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीत असते. म्हणजे उत्तरेचा उन्हाळा सौम्य व्हायची ही वेळ. त्या चक्राने तापमान वाढायला नको होतं. क्रॉल-मिलानकोविचचं गणित समजलेला माणूस आजच्या तापण्याला त्या चक्राचं काम म्हणूच शकत नाही.

दादा, एक करा. सपाट बाजूचा, बारीक कणांचा दगड ब्रशने धुवा आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात धरा.

सातारकर_जर्सीत
ताई, धुतला! वाफ्याच्या कडेला ठेवलेला एक काळा दगड होता. एका अंगाला रंध्याने तासल्यासारखा सपाट, आणि त्यावर एकाच दिशेने बारीक ओरखडे, नखाला लागतात. मुलीने त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, रेघा उमटल्या. पण काळा का? अगदी आमच्या बांधावरच्या दगडासारखा दिसतोय.

दगडवाली_ताई
कारण तो तसाच आहे. प्लेनफील्डच्या मागचे वॉचंग डोंगर बेसाल्टचे आहेत, लाव्ह्याचे. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याहूनही कितीतरी जुने, साधारण 20 कोटी वर्षांचे. बर्फ त्यांच्यावरून घासत आला, ओरखडे त्या घासण्याचेच. तो दगड जपून ठेवा, आणि मुलीचा कागदही.