बाबांना काहीच त्रास नाही, एक्स-रेही स्वच्छ. तरी फुफ्फुसांचा लो-डोस (कमी किरणांचा) सीटी करावा का?

अर्धविराम

बाबा ६१ वर्षांचे. २२व्या वर्षी सिगारेट लागली ती ५२व्या वर्षी सुटली, तीही एका दिवसात, ज्याचा त्यांना अजून अभिमान आहे. रोज साधारण पंधरा ओढायचे. आता नऊ वर्षांत एकही नाही. जिना चढताना माझ्यापेक्षा कमी धापा टाकतात. खोकला नाही, वजन आहे तेवढंच. गेल्या वर्षी छातीचा एक्स-रे काढला होता, त्यात काही नव्हतं.

मागच्या महिन्यात त्यांच्या एका जुन्या मित्राला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, थेट चौथ्या टप्प्यात. तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा लागलाय. बाबांना म्हटलं, एकदा सीटी करून घेऊ. तर म्हणाले, "मला काय धाड भरलीय? नसतं दुखणं उकरून काढू नकोस." ताई म्हणते, सीटीच्या किरणांनीच कॅन्सर होतो. आई म्हणते, त्यांचा करणार तर माझाही करा, तीस वर्षं तो धूर मीही खाल्लाय. (तिने स्वतः कधी सिगारेटला हात लावला नाही.)

डॉक्टरांकडे जाणारच आहोत, पण जाण्याआधी काय विचारायचं ते तरी कळू दे. कुणी या वाटेने गेलंय का?

सरळसोट

धडधाकट माणसाला मशिनीत घातलं की काहीतरी निघतंच. एक्स-रे स्वच्छ आहे ना? मग बसा निवांत. खोकल्यातून रक्त वगैरे आलं तर बघा पुढचं.

काचेपलीकडला

सरळसोट, तुमचं पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, त्यावर येतोच. शेवटचं वाक्य मात्र वाचवेना, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

मी सीटी टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली. डॉक्टर नाही, तेव्हा माझं बोलणं त्या मापाने घ्या. पेशंट आत टेबलावर, मी काचेच्या अलीकडे.

आधी एक्स-रेबद्दल. माझा थोरला भाऊ ५८ वर्षांचा होता तेव्हा नेहमीची तपासणी म्हणून त्याचा छातीचा एक्स-रे काढला. मीच काढला. फिल्म छान आली होती, श्वास नीट भरलेला, कुठे हललेला नाही. रिपोर्ट नॉर्मल. सात महिन्यांनी त्याचा आवाज बसला. घशाच्या गोळ्यांचे तीन कोर्स झाले, आवाज काही उघडेना. शेवटी सीटी झाला, तेव्हा डाव्या फुफ्फुसाच्या मुळाशी, हृदयाला खेटून गाठ दिसली. स्वरयंत्राची डावी नस छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालून परत गळ्यात चढते. गाठीने तिलाच धरलं होतं. मी परत जाऊन जुनी फिल्म लावून पाहिली. आता माहीत असल्यामुळे हृदयाच्या कडेशी किंचित दाट सावली वाटते. माहीत नसतं तर आजही मला ती दिसली नसती.

एक्स-रेत सगळी छाती एकाच कागदावर चेपून येते. फासळ्या, गळपट्टीचं हाड, हृदय, रक्तवाहिन्या, सगळं एकमेकांवर. सेंटिमीटरभराची गाठ त्यात सहज लपते. सीटीत मात्र छातीचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे थर होतात आणि रेडिओलॉजिस्ट ते पान उलटल्यासारखे एकेक बघत जातो. एक्स-रेने स्क्रीनिंग, म्हणजे काही त्रास नसतानाच तपासणी, करून पाहिलं नाही असंही नाही. अमेरिकेत दीड लाखांहून जास्त लोकांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०११ साली आला. दरवर्षी एक्स-रे काढूनही फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नव्हते.

आता खोकला. फुफ्फुसाच्या आतल्या भागाला दुखणं कळतच नाही. दुखतं ते बाहेरचं आवरण. त्यामुळे आत एका कोपऱ्यात वाढणारी गाठ महिनोन्महिने गुपचूप बसते. रक्त पडणं, आवाज बसणं, खांद्यात कळ, वजन उतरणं, हे बहुतेक वेळा ती कशाला तरी जाऊन भिडल्यावर होतं. फुफ्फुसापुरत्या असलेल्या गाठीत निम्म्याहून जास्त लोक पाच वर्षांनी हयात असतात. दूरवर पसरल्यावर तेच प्रमाण दहात एकावर येतं किंवा त्याच्याही खाली. तुमच्या बाबांना 'काही होत नाही' म्हणूनच ते स्क्रीनिंगचे उमेदवार आहेत. उद्या त्यांना तीन आठवडे न हटणारा खोकला लागला, तर त्याला स्क्रीनिंग म्हणायचं नाही, तेव्हा ताबडतोब डॉक्टर आणि त्रासाचा पूर्ण तपास. लोक नेमकं याच्या उलट करतात, खोकला आला की 'पुढच्या वर्षीच्या चेकअपमध्ये बघू' म्हणतात.

अर्धविराम, आता तुमच्या बाबांचा हिशेब. वीस सिगारेटींचं एक पाकीट धरायचं. रोज एक पाकीट एक वर्ष ओढलं की एक पॅक-इयर. रोज पंधरा म्हणजे पाऊण पाकीट, गुणिले ३० वर्षं, साडेबावीस. अमेरिकेत २०१३ साली जो निकष ठरला तो होता वय ५५ ते ८० आणि ३० पॅक-इयर. त्यात तुमचे बाबा बसले नसते. २०२१ साली तो खाली आणला, वय ५० ते ८०, २० पॅक-इयर, आणि अजून ओढणारे किंवा सोडून १५ वर्षं न झालेले. यात ते बसतात. पण काठावर. म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी तो 'साधारण पंधरा' एकदा नीट विचारून घ्या. माझ्या अनुभवात 'साधारण' हा शब्द फार खोटा असतो.

याला आधार काय? वरच्या एक्स-रेच्या निकालाच्याच वर्षी दुसऱ्या चाचणीचा निकाल आला. ५३,४५४ माणसं, सगळी खूप ओढलेली, निम्म्यांना वर्षातून एकदा लो-डोस सीटी, निम्म्यांना एक्स-रे, असं तीन वर्षं. सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरने मेलेले २० टक्क्यांनी कमी. नेदरलँड्स-बेल्जियमच्या चाचणीत, २०२० साली, दहा वर्षांनी पुरुषांमध्ये २४ टक्के कमी.

आणि सरळसोट, तुमचं पहिलं वाक्य. त्याच ५३ हजारांच्या चाचणीत सीटीवाल्यांपैकी दर दहांतल्या जवळपास चौघांना तीन वर्षांत एकदा तरी 'काहीतरी दिसतंय' असं सांगितलं गेलं, आणि अशा रिपोर्टांपैकी शंभरातले शहाण्णव कॅन्सरचे नव्हते. जुना टीबी भरून आल्याचा व्रण, न्युमोनियाची खूण, छोटी लसिकाग्रंथी. ही किंमत आहेच. ती लपवून कुणी तुम्हाला टेबलावर झोपवत असेल तर आधी उठून बसा.

ताईंना सांगा, लो-डोसमध्ये साधारण दीड मिलिसिव्हर्ट (हे किरणांच्या मात्रेचं माप). नेहमीच्या छातीच्या सीटीत त्याच्या चार-पाच पट. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला वर्षाला दोन-तीन आपोआप मिळतातच. धोका शून्य म्हणणार नाही, म्हणून तर विशीतल्या, न ओढणाऱ्या माणसाला हे करू नये. ६१ वर्षांच्या, तीस वर्षं ओढलेल्या माणसाचा हिशेब वेगळा. फक्त चिठ्ठीवर 'लो-डोस' लिहिलंय ना ते बघा. माझ्याकडे नुसतं 'सीटी चेस्ट' लिहिलेल्या चिठ्ठ्या येतात आणि मला फोन करून विचारावं लागतं.

प्रत्यक्ष काम इतकं किरकोळ आहे की लोक निराश होतात. सुई नाही, उपाशी राहणं नाही. धातूचं काही छातीवर नको. हात डोक्यामागे, टेबल आत सरकतं, 'श्वास घ्या, धरा', आणि दहा सेकंदांच्या आत 'सोडा'. एक आजोबा मला म्हणाले होते, "एवढंच? मग मी चप्पल कशाला काढली?"

आईंचा प्रश्न अवघड आहे. दुसऱ्याचा धूर हा धोका आहेच, पण वर सांगितलेल्या चाचण्या ओढणाऱ्यांवरच झाल्या. तैवानने २०२२ साली सुरू केलेल्या स्क्रीनिंगच्या कार्यक्रमात घराण्यात फुफ्फुसाचा कॅन्सर असलेल्यांनाही घेतलं. न ओढणाऱ्या बायकांमध्ये मात्र सीटीने अशाही गाठी सापडतात ज्यांनी आयुष्यभरात काही केलं नसतं, आणि त्यांवर शस्त्रक्रिया होतात. आईंच्या माहेरी कुणाला होता का, तेवढं विचारून डॉक्टरांना सांगा.

उंबरठा

मी चोवीस वर्षं ओढली. बाई असून वगैरे काही लिहू नका, ऐकून झालंय. ५५व्या वर्षी लो-डोस सीटी केला. उजव्या वरच्या भागात ७ मिलिमीटरचा नोड्यूल, म्हणजे छोटी गाठ. रिपोर्टवर 'श्रेणी ३, सहा महिन्यांनी पुन्हा'.

काचेपलीकडल्यांनी आकडे सांगितले, मी ते सहा महिने सांगते. पहिल्या आठवड्यात मी पट्टी काढून सात मिलिमीटर किती ते पाहिलं. पेन्सिलीच्या जाडीएवढं. मग दर ठसक्याला घड्याळ बघायचे. सुईने तुकडा काढून एकदाचं काय ते सांगा, म्हणून डॉक्टरांच्या मागे लागले. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा गाठीत सुई घालायला गेले आणि फुफ्फुस पंक्चर झालं तर? ही गाठ स्वतःच सांगेल. कॅन्सर असेल तर वाढेल, थांबून बघू." तेव्हा राग आला होता. सहा महिन्यांनी मोजली, ७च. पुन्हा सहा महिन्यांनी ७च. आता वर्षातून एकदा जाते.

एक सांगते, पहिल्या सीटीच्या चित्रांची सीडी जपून ठेवा. रिपोर्टचा कागद पुरत नाही, पुढच्या वेळी चित्राशेजारी चित्र लावून बघतात. माझी सीडी नेमकी मुलाने आवरताना टाकून दिली होती, ती मिळवायला पंधरा दिवस गेले.

सरळसोट

चूक मान्य. एक्स-रेचं माहीत नव्हतं. पण मग एकदा सीटी स्वच्छ आला की सुटलो का?

काचेपलीकडला

नाही. हे दरवर्षीचं असतं, निकषात बसेपर्यंत. आणि कुणी ते 'अजून ओढायला परवाना' म्हणून वापरत असेल तर सोडण्याने जो फायदा होतो तो माझ्या मशिनीच्या कितीतरी पुढे आहे. शिवाय ज्याची तब्येत छातीची शस्त्रक्रिया सोसण्यासारखी नाही, त्याला शोधून करायचं काय, हाही प्रश्न आधी विचारावा. तुमच्या बाबांच्या जिन्यावरून तो सुटलेला दिसतो.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. काल रात्री बाबांसमोर कागद-पेन घेऊन बसले. 'चप्पल'वाला किस्सा वाचून दाखवला, तो त्यांना आवडला. मग विचारलं, बाबा, खरं सांगा, दिवसाला किती? आई शेजारीच होती. म्हणाले, "दहा-बारा. फार तर पंधरा."

आई दूध तापवायला आत गेली. ती आत पोचल्याची खात्री करून हळूच म्हणाले, "पंचवीस धर."

साडेसदतीस. सोमवारची वेळ घेतली आहे.