‘ईज’ला माया म्हणायचं की ढील?

काजबटण: टॉपच्या पॅटर्नबरोबरची सूचनापत्रिका मराठीत करते आहे. ‘ईज 3 इंच’चं ‘माया 3 इंच’ केलं, तर तपासणाऱ्यांनी खोडून ‘ढील’ लिहिलं. कपडा सैल असला की ‘माया आहे’ असंच म्हणतात ना?

उभाधागा: तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. माया म्हणजे टिपेच्या पलीकडे, शिवणीच्या आत राहिलेलं कापड. ढील म्हणजे टिपेच्या अलीकडे, अंग आणि कपडा यांच्यातली जागा. छाती 36, तयार कपडा 39, तर ढील 3. माया 1 सेंमी ठेवा नाहीतर 1 इंच, ते 39 हलत नाहीत.

टीपकागद: घोळ सूत्राने केला आहे. ‘छातीचा चौथा भाग अधिक 2 इंच’, या 2 इंचांत दोन्ही कोंबलंय. छाती 36 ला घडीपासून 9 अधिक 2, म्हणजे 11. बगलेची टीप कडेपासून अर्ध्या इंचावर मारली तर चौथाईला दीड इंच ढील, एकूण 6, झाला सैल सदरा. तीच टीप दीड इंचावर मारा, ढील एकूण 2, झालं अंगासरशी पोलकं. बेत एकच! त्यामुळे बोलताना दोन्हीला माया म्हटलं तरी निभतं. छापील पॅटर्नला टिपेची रेघ ठरलेली असते, पुष्कळांना दीड सेंमीवर. बुर्डा मासिकाच्या पॅटर्नना तर माया धरलेलीच नसते, कापताना सोडावी लागते. तिथे ‘माया 3 इंच’ वाचून कोणी कडेला 3 इंच सोडले तर?

शुद्धमराठी: ‘ढील’ हिंदी आहे. ‘मोकळीक’ लिहा.

उरेब: पतंगाला ढील देतात ती काय हिंदीत? उलट माया अस्सल आपली. मावणे, आत मावते ती माया.

उभाधागा: कानाला गोड आहे, पण मधलं एखादं रूप दाखवा. आणि ‘मोकळीक’ ताणाच्या कापडाला अडेल. छाती 36 असून टीशर्ट 34 चा बेततात, तिथे ‘उणी ढील’ म्हणता येतं. ‘उणी मोकळीक’ म्हणजे कैद वाटते.

काजबटण: पुढे बाहीपाशी ‘ईज’ हाच शब्द क्रियापद होऊन येतो. तिथे ‘ढील द्या’?

टीपकागद: मुळीच नको, लोक बाहीच सैल करतील. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईपेक्षा, इंच-सव्वा इंच लांब असतो, तो जास्तीचा भाग जिरवायचा आहे. ‘मुरवा’ लिहा. पुढच्या खुणेपासून मागच्या खुणेपर्यंत माथ्यावर 4 मिमीच्या टाक्यांच्या दोन ओळी, टिपेच्या रेघेलगत. बॉबिनचे दोरे ओढून माथा मुंढ्याइतका आणा. खांद्याच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना अडीच सेंमी सपाट राहू द्या, खुणांच्या खाली बगलेत काहीच मुरवू नका. शिवताना बाही खाली, मशीनच्या दात्यांकडे. दाते खालचा थर थोडा जास्त ओढून घेतात. चुण्या दिसल्या तर मुरलं नाही. घट्ट विणीचं पॉलिएस्टर हट्टी असतं, त्याला माथाच कमी करून घ्या.

शुद्धमराठी: मुरतं ते पाणी. कापड ‘आकसवा’.

टीपकागद: आकसतं ते पहिल्या धुण्यात.

उरेब: डार्टला काय लिहिलंय? ‘टक’ नका लिहू. टक म्हणजे सारख्या रुंदीची शिवलेली घडी, डार्ट निमुळता होत शून्यावर संपतो.

टीपकागद: शिवणवर्गात ‘छातीचे टक्स’च ऐकाल. शब्द काहीही ठेवा, टोक छातीच्या बिंदूच्या 2 सेंमी अलीकडे संपवा. शेवटचे दोन-तीन टाके घडीच्या अगदी कडेवर, उलटी टीप न मारता दोऱ्याला गाठ. नाहीतर टोकाशी फुगा येतो आणि इस्त्रीने जात नाही.

काजबटण: आणि छाती भरलेली असेल तर ‘बगलेत माया वाढवा’ असं मी लिहिलंय.

उभाधागा: ते मात्र शब्दाचं भांडण नाही, चूकच आहे. बगलेत वाढवलं की मुंढाही पसरतो, मागचा भाग उगाच सैल होतो आणि छातीवरचे ओढ पडल्याचे मोड तसेच राहतात. 2 इंच हवे असतील तर अर्ध्या पुढच्या भागाला 1 इंच. खालच्या कडेपासून छातीच्या बिंदूपर्यंत सरळ वर कापा, तिथून मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागाकडे. टिपेशी 2 मिमी कागद जोडलेला ठेवा. दुसरा काप बगलेच्या टकमधून बिंदूपर्यंत, तोही बिंदूशी जोडलेला. आता फट 1 इंच उघडा. टक आपोआप रुंद होतो. बगलेकडचा तुकडा खाली सरकतो, म्हणून मधला तुकडा आडवा कापून तेवढाच खाली घ्या. कंबरही दर अर्ध्या भागाला 1 इंच वाढते, नको असेल तर तिथे टक घ्या.

उरेब: त्या उघडलेल्या भागाला ‘कळी’ म्हणता येईल.

उभाधागा: कळी वेगळी कापून जोडतात. इथे नुसता कागद चिकटवायचा आहे.

शुद्धमराठी: मग ‘जोड’ म्हणा. आणि ‘पॅटर्न’ला कोणीच कसं हटकलं नाही? ‘खाका’ आहे ना!

उरेब: खाका फारसी आहे हो.