रबरी राक्षस आयर्विन पुलावर: मंडळासाठी जुन्या पद्धतीची दहा मिनिटांची फिल्म कशी करायची?

गावभाग_कार्यकर्ता

मंडळी नमस्कार. सांगलीतल्या आमच्या गणेश मंडळानं यंदा हलत्या देखाव्याऐवजी पडद्यावर राक्षसपट दाखवायचं ठरवलंय. मंडळातली पन्नाशीकडे झुकलेली सगळी पिढी मे महिन्याच्या सुट्टीत असले सिनेमे थिएटरात बघून मोठी झालेली. रबरी कातडीचा अजस्र प्राणी, फाडकन कोसळणाऱ्या इमारती, खेळण्यातले रणगाडे, ओठ एकीकडे नि हिंदी डायलॉग भलतीकडे. तसंच हवंय. कॉम्प्युटरवर काढलेला प्राणी अजिबात नको.

गोष्ट एवढीच: प्राणी कृष्णेतून बाहेर येतो, आयर्विन पुलाशी थबकतो, पेठेत शिरून दोन-तीन इमारती पाडतो आणि ढोल-ताशाचा आवाज सहन न होऊन परत नदीत जातो. बजेट तीस हजार, वेळ दीड महिना. सेकंदाला १२० फ्रेमचं स्लो मोशन असलेले दोन फोन, मोठी गच्ची आणि पीओपीचं काम करणारी दोन पोरं हाताशी आहेत.

चाचणीत पुठ्ठ्याची इमारत पाडली, तर पडद्यावर चक्क खोकं पडल्यासारखं दिसतंय. हे कशामुळे? सूट कसा करावा? आणि त्या डरकाळीचं काय?

---

मोजपट्टी

खोकं पडल्यासारखं दिसतं, कारण ते खोक्याच्या वेगानं पडतं. खरी दहा मीटरची इमारत वरून खाली यायला साधारण १.४ सेकंद लागतात. तुमची ४० सेंटिमीटरची इमारत ०.२९ सेकंदात खाली. बघणाऱ्याला हे गणित येत नसलं तरी डोळ्याला बरोबर कळतं.

म्हणून आधी प्रमाण ठरवा आणि मग त्याला चिकटून राहा. १९५४ च्या मूळ जपानी गॉडझिलात प्राणी ५० मीटरचा मानला होता आणि शहर १:२५ प्रमाणात बांधलं होतं, म्हणजे सूट दोन मीटरचा. तुम्हीही १:२५ च घ्या. पावणेसहा फुटी माणूस सूटमध्ये उभा राहिला की शिंग-बिंग धरून ४५ मीटरच्या आसपास जातो. तीन मजली इमारत ४० सेंमी, एसटीची लालपरी ४४ सेंमीच्या आसपास, रिक्षा जेमतेम साडेदहा सेंमी. बाजारात १:२४ च्या खेळण्यातल्या गाड्या मिळतात, त्या चालतील. पोरांच्या हातातल्या बोटभर गाड्या १:६४ च्या असतात, त्या पुढच्या रांगेत ठेवल्या की सगळं मुसळ केरात. त्या मागे, लांबच्या गल्लीत लावा. अंतर वाढल्याचा भास फुकटात मिळतो.

वेगाचं सूत्र: प्रमाणाच्या आकड्याचं वर्गमूळ गुणिले २४. पंचवीसचं वर्गमूळ पाच, म्हणून १२० फ्रेमवर शूट आणि २४ वर प्लेबॅक. फोनच्या स्लो-मो मोडच्या भरवशावर राहू नका. बरेच फोन क्लिपचा सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा नेहमीच्या वेगानं ठेवतात आणि फाइल ३० फ्रेमची करतात. एडिटिंगमध्ये मूळ १२० ची क्लिप घेऊन वेग २० टक्के करा.

एक गोम आहे. सूटमधला माणूस सरसकट १२० वर घेतलात तर अर्ध्या सेकंदाचं पाऊल अडीच सेकंदांचं होतं आणि प्राणी झोपेत चालल्यासारखा दिसतो. चाल आणि मान वळवणं ६० वर, इमारत कोसळतानाचं सगळं १२० वर. ज्या शॉटमध्ये दोन्ही एकत्र आहे तिथं १२० च ठेवा आणि आतल्या माणसाला हालचाल मुद्दाम झटक्यात करायला सांगा.

कॅमेरा कुठं ठेवता त्यावर निम्मं काम आहे. माणसाच्या डोळ्याची उंची १.६ मीटर धरली तर १:२५ मध्ये ती साडेसहा सेंमी येते. म्हणजे फोन जवळजवळ जमिनीला टेकवून, उलटा धरून, लेन्स खाली येईल असा. छातीच्या उंचीवरून घेतलेला एकही शॉट ठेवू नका, अपवाद फक्त "हेलिकॉप्टरमधून" दाखवायचं असेल तेव्हा.

उजेड: १२० फ्रेमला शटर १/२४० धरलं तर नेहमीपेक्षा पाचपट उजेड लागतो. घरातले एलईडी आणि ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा धडधडतात, त्यामुळे चित्रात आडवे पट्टे सरकतात. गच्चीवरचं ऊन सगळ्यात भारी, कारण सावलीची कड सूर्यामुळे जशी धारदार येते तशी दिव्यानं येत नाही. रात्रीचा प्रसंगही उन्हातच घ्या, एक्स्पोजर दोन-अडीच स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि रंग निळसर. त्या काळातले बरेच सिनेमे हेच करायचे.

---

पीओपी_आणि_पुठ्ठा

वरचं सगळं बरोबर, पण इमारत पुठ्ठ्याची असेल तर १२० काय नि २४० काय. पुठ्ठा वाकतो, तुटत नाही. पडणारी इमारत प्लास्टरचीच हवी, न पडणाऱ्या मागच्या इमारती पुठ्ठ्याच्या. थर्माकोलचं नाव काढू नका. राज्यात २०१८ पासून सजावटीत बंदी आहे, शिवाय तो तुटला की पांढरे मणी उडतात.

तुमच्या पीओपीवाल्या पोरांना एक गोष्ट बजावून सांगा: काथ्या घालायचा नाही. हात सवयीनं काथ्याकडेच जातो, आणि मग भिंत फुटली तरी लोंबकळत राहते. इथं कच्चं काम हवंय.

नेहमी १ किलो पीओपीला ६००-७०० मिली पाणी घेतात. तुम्ही पाऊण ते एक लिटर घ्या. पाणी जास्त झालं की प्लास्टर सच्छिद्र आणि ठिसूळ होतं. काचेवर साबणाचं पाणी पुसून ४-५ मिमी जाडीचा थर ओता. घट्ट व्हायला लागला की सुरीनं खिडक्या काढा आणि मागच्या बाजूनं वेड्यावाकड्या रेघा अर्ध्या जाडीपर्यंत कोरा. सरळ रेघा मारल्यात तर फरशीचे तुकडे पडल्यासारखं दिसेल. भिंती जोडायला पातळ पीओपीच वापरा. फेविकॉलनं जोडलेला कोपरा शेवटपर्यंत सुटत नाही.

आत रिकामं ठेवू नका. प्रत्येक मजल्याला पातळ पुठ्ठ्याचा स्लॅब, त्यावर फुटक्या प्लास्टरचा चुरा, काडेपेटीच्या काड्या आणि मूठभर मुलतानी माती. धुळीसाठी सिनेमावाले हीच माती वापरत आलेत, कारण ती बारीक असते आणि हवेत तरंगत राहते. सेटवरच्या सगळ्यांना मास्क. खालच्या मजल्याच्या दोन खांबांना तंगूस (नायलॉनचा पातळ दोरा) बांधून ठेवा आणि प्राण्याचा हात लागला त्याच क्षणी ओढा. माणसाच्या धक्क्यानं इमारत नुसती कलंडते. खांब गेले की ती बसते.

पावसाळी हवेत भिंती वाळायला चार दिवस धरा. ओलं प्लास्टर तडकत नाही, चेपतं. वाळलं की नाही बघायचं तर गालाला लावा, गार लागलं म्हणजे आत ओल आहे. प्रत्येक इमारतीचे दोन नग करा. राडा पोत्यात भरून महापालिकेच्या गाडीत, नदीत नाही.

पुलाबद्दल माझं मत: अख्खा बांधू नका, दोन-तीन कमानी पुरे, बाकीचा धुरात जाऊ दे. आणि पाडू तर नकाच. २०१९ चा महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. आयर्विनच्या पाण्याची पातळी ऐकत रात्री काढलेली माणसं समोर बसणार आहेत. प्राण्यानं पुलाकडे बघावं आणि बाजूनं जावं. टाळ्या तिथंच पडतील.

---

रीळ_नंबर_तीन

सूटची भानगड कशाला? दीड फुटाचा बाहुला करा आणि एकेक फोटो काढत हलवा. १९३३ च्या किंग काँगमध्ये विलिस ओब्रायननं साधारण दीड फुटाच्या बाहुल्यांवर न्यूयॉर्क हलवून सोडलं.

---

लेटेक्स_तात्या

रीळसाहेब, दहा सेकंदांना २४० फोटो. एका हालचालीचे दोन फोटो धरले तरी १२० वेळा बाहुला हलवायचा, आणि गच्चीवर ऊन दर दहा मिनिटांनी सरकणार. वेळ पुरणार नाही म्हणूनच जपानमध्ये गॉडझिलाचे स्पेशल इफेक्टवाले त्सुबुराया एईजी सूटकडे वळले. त्यांचीही मूळ आवड बाहुल्याचीच होती. मंडळाला सूटच बरा.

तो पहिला जपानी सूट साधारण १०० किलोचा झाला होता आणि आतले नाकाजिमा हारुओ त्यात काही मिनिटंच टिकायचे. तुमचा १२ किलोच्या वर जाऊ देऊ नका.

आत जुना बॉयलर सूट. त्यावर सोफ्यावाल्याकडचा फोम: पाठ-मांड्यांना एक इंची, सांध्यांना अर्धा इंची. कोपर, गुडघा आणि काखेत फोमला आतून व्ही आकाराचे काप द्या, नाहीतर हात खालीच येत नाहीत आणि प्राणी कवायत करतोय असं वाटतं. चिकटवायला सोफ्यावाल्याकडचंच रबर सोल्यूशन, दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं सुकवून मग दाबायचं. त्याची वाफ पेट घेते, म्हणून उघड्यावर काम आणि बिडी-सिगारेट लांब.

कातडी: लिक्विड लेटेक्सचे तीन हात, मधल्या हातात टिश्यू पेपर चुरगाळून दाबला की खवले-सुरकुत्या आपोआप येतात. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर पहिल्याच हातात त्याचं लाकूड होतं. रंग लेटेक्समध्येच कालवा. वरून ऑइलपेंट मारलात तर दोन दिवसांत भेगा, आणि तेलानं रबर चिकट होऊन सडतं ते वेगळंच.

डोकं जुन्या हेल्मेटवर. जबड्याला सायकलची ब्रेक वायर, तिचा दांडा आतल्या माणसाच्या उजव्या मुठीत. बघायची भोकं गळ्याच्या सुरकुत्यांत, वरून काळी जाळी. शेपूट सूटला शिवू नका: दोरीत ओवलेल्या फोमच्या चकत्या, स्वतंत्र कमरपट्टा, आणि टोकाला तंगूस बांधून बांबूवरून दुसऱ्या माणसानं हलवायची. चेन पाठीच्या काट्यांखाली लपवा. थोडी दिसली तरी बिघडत नाही, ती त्या सिनेमांची सहीच होती.

आता महत्त्वाचं. पॉवर बँकेवर चालणारे दोन छोटे पंखे, एक आत ओढणारा आणि एक बाहेर फेकणारा. एका वेळी पाच मिनिटं, मग डोकं काढून पंधरा मिनिटं विश्रांती आणि मीठ-साखरेचं पाणी. बाहेर एक माणूस कात्री घेऊन फक्त त्याच्यासाठी उभा हवा. हात दोनदा वर केला म्हणजे सूट कापायचा, चेन शोधत बसायचं नाही.

आणि घाटावर सूट घालून कुणालाही पाण्यात उतरवू नका. फोम पाणी पितो, बारा किलोचे पन्नास व्हायला वेळ लागत नाही, आणि पावसाळ्यात कृष्णेला ओढ असते.

---

गावभाग_कार्यकर्ता

तात्या, मग पाण्यातून बाहेर येतो तो शॉट कसा घ्यायचा?

---

मोजपट्टी

पाणी हा या कामातला सगळ्यात मोठा शत्रू. थेंबाचा आकार काही प्रमाणात लहान होत नाही, म्हणून १:२५ मध्ये एकेक थेंब टरबुजाएवढा दिसतो. गच्चीवर ताडपत्रीचं सहा बाय आठ फुटांचं तळं करा, तळाला काळं प्लास्टिक. पाण्यात थोडं भांडी घासायचं लिक्विड टाका, पृष्ठताण कमी होऊन थेंब बारीक फुटतात, पण फेस व्हायच्या आत शॉट संपवा. फोनला २४० फ्रेम असतील तर इथं वापरा. पूर्ण प्राणी दाखवू नका. पाठीचे काटे तेवढे वेगळे करून पाण्याखालून काठीनं सरकवा. मागं लोबानाचा धूर, म्हणजे गच्चीचा कठडा दिसत नाही. वारा सुटला की थांबायचं, धूर पळाला की लगेच खेळणं वाटतं.

फटाके लावायचा मोह होईल. शोभेच्या दारूकामासाठी प्रसिद्ध असलेलं कवठे एकंद जवळ आहे म्हणून कुणीतरी तो विषय काढेलच. फोम आणि लेटेक्सपाशी ठिणगीसुद्धा नको. तोफेचा जाळ एडिटिंगमध्ये दोन फ्रेम पांढऱ्या टाकून होतो.

घाबरून पळणारी गर्दी वेगळी घेणार असाल तर सगळ्यांची नजर एकाच जागी ठेवा. ४५ मीटरचा प्राणी १०० मीटरवर असेल तर मान साधारण २४ अंश वर. रस्त्याच्या टोकाची पाण्याची टाकी ठरवून टाका. एकानं जरी कॅमेऱ्याकडे बघून हसलं तरी तो शॉट ठेवा म्हणेन मी, पण एकच.

---

खरज

डरकाळीसाठी तंतुवाद्यांचं मिरज शेजारी असताना नेटवरून आवाज उतरवायचा म्हणजे कमाल आहे. गॉडझिलाची मूळ डरकाळी संगीतकार इफुकुबे अकिरा यांनी डबल बासवर काढली: तार सैल केली, चामडी हातमोज्याला राळ लावली आणि तारेवरून ओढली. मग ते ध्वनिमुद्रण हळू वाजवलं.

तुमच्याकडे तंबोरा आहे. चांगला तंबोरा मात्र लावू नका, राळ तारेवर आणि जवारीवर (घोडीच्या घासलेल्या माथ्यावर) बसली की कारागिराचे हात लागल्याशिवाय निघत नाही. सतारमेकर गल्लीत तडा गेलेला भोपळा किंवा मोडका तंबोरा आहे का विचारा. खरजाची जाड तार चढवा, सुरापेक्षा बरीच खाली उतरवा. चामडी मोज्याला राळेची पूड चोळा, तार चिमटीत धरून घोडीकडून वर सावकाश ओढा. पहिल्यांदा नुसती किंचाळी येईल, ती बरोबरच आहे. ती अर्ध्या वेगानं वाजवली की एक सप्तक खाली, पाव वेगानं दोन सप्तकं. दोन्ही थर एकावर एक ठेवा, खालचा किंचित उशिरा.

फोन भोपळ्यापासून वीतभर अंतरावर. आवाजाची आपोआप पातळी बदलणारी सोय बंद करा, नाहीतर डरकाळीचा शेपटाकडचा भाग फुगतो. पावलांना ढोलाचं पान सैल करून एकच ठोका, तोही अर्ध्या वेगानं. पाऊल दिसल्यावर ठोका किंचित मागून आला तर प्राणी लांब वाटतो.

डबिंग मुद्दाम बिघडवू नका. ओठ न जुळण्याची गंमत तेव्हाच येते जेव्हा बोलणारा जीव तोडून बोलत असतो. शास्त्रज्ञ, इन्स्पेक्टर आणि पोरगी, तिघांचेही आवाज नाटकवाल्यांकडून घ्या. सांगलीत त्यांना तोटा नाही.

---

रीळ_नंबर_तीन

बाहुल्याचा हट्ट सोडला. दाखवण्याबद्दल एवढंच: मांडवातली रोषणाई शो पुरती बंद ठेवायला आधीच मंडळाकडून कबूल करून घ्या. बारा फुटी पडद्याला ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, पण समोर लुकलुकणाऱ्या माळा असतील तर काळा रंग राखाडी दिसतो आणि तुमची रात्र उजाडते. स्पीकर रात्री दहाला बंद; जादा सवलतीचे दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, ते बघून खेळ लावा. जागा कमी म्हणून पडद्यामागून प्रोजेक्शन करणार असाल तर मेन्यूत "रिअर" निवडा, नाहीतर पेठेतल्या दुकानांच्या पाट्या उलट्या दिसतील.