दिग्रसहून वेरूळ, आई आणि दोन लहान पोरं घेऊन: एका दिवसात जमेल का?

दिग्रसकर: शनिवारी पहाटे निघून कैलास लेणं पाहायचं आणि रात्री परत यायचं, असा बेत आहे. आईचे गुडघे दुखतात. समृद्धी महामार्गावर कुठून चढू? कोणती लेणी ठेवू, कोणती सोडू?

चाकवाला: कारंज्याला जाऊ नका, उगाच उलटा फेरा पडतो. मानोरा, मंगरूळपीर करून शेलूबाजारला चढा आणि माळीवाड्याला उतरा. तिथून दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ. दौलताबादला रस्ता जुन्या दरवाज्यातून जातो, सुटीच्या दिवशी तिथं हमखास गाड्या अडकतात. टोल उतरताना फास्टॅगमधून कटतो, शिल्लक आधीच पाहून ठेवा.

टायरकडे मात्र नीट लक्ष द्या. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दबते-उठते, गरम होते, आणि तासन्‌तास १२०च्या वेगात फुटते. गाडी भरलेली असताना किती हवा पायजे ते चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. ती सकाळी, टायर थंड असताना भरा. स्टेपनीतही. टायरवरचे चार आकडे वाचा: ३२१८ म्हणजे २०१८चा ३२वा आठवडा. इतका जुना टायर घेऊन निघूच नका.

लेणीवेडा: एका दिवसाचा बेत सोडा, भाऊ. कैलास पश्चिमेला तोंड करून आहे, सकाळी दर्शनी भाग सावलीतच असतो. उजेड पडतो दुपारनंतर. तेव्हा तो पाहायचा म्हटलं तर परतताना समृद्धीवर रात्र होणार. सरळ, एकसुरी रस्ता आणि दिवसभर ऊन खाल्लेला चालक! वेरूळलाच मुक्काम करा.

शनिवारी दुपारी फक्त १६ नंबर, म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं काम. डोंगरात वरून तीन बाजूंनी चर मारले, मधला खडक सुटा केला आणि शिखरापासून खाली कोरत आले. त्यामुळे परांची बांधावी लागली नाही, पण चुकून तुटलेला दगड परत बसवायची सोयही नव्हती. अंगण साधारण ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद. आईंना वर नेऊ नका. जिने उंच पायऱ्यांचे आणि अंधारे आहेत. हत्ती, दोन्ही ध्वजस्तंभ, कैलास हलवणारा रावण, सगळं खालच्या अंगणातून दिसतं. वरच्या मंडपात पोरांना न्या; तिथं चपला काढाव्या लागतात, उन्हाळ्यात काळा दगड पोळतो, म्हणून मोजे ठेवा.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत १० नंबर, म्हणजे बौद्ध चैत्यगृह, मग ३२ नंबरचं जैन लेणं. जैन लेणी (३० ते ३४) लांब आहेत, आईंना चालवू नका, बसनं जा. १२ नंबर तीन मजली आहे, तुमच्यासाठी बाद.

चाकवाला: मुक्काम पटला. मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा. १५ वर्षांखालच्या पोरांना तिकीट नाही. खाण्याची पिशवी हातात मिरवू नका, माकडं ओढतात.

दिग्रसकर: घृष्णेश्वर कधी बसवू?

लेणीवेडा: रविवारी पहाटे, लेण्यांच्या आधी. मोबाईल आत नेऊ देत नाहीत. गाभाऱ्यात पुरुषांना सदरा-बनियन काढून जावं लागतं. श्रावणात जाणार असाल तर सोमवार टाळा, रांगेतच सकाळ जाते.