मदत हवी आहे: चेस्टनट टिकवायचे कसे आणि सोलायचे कसे?

नमस्कार. माझा भाचा नोकरीनिमित्त नैनीताल जिल्ह्यात असतो. दिवाळीला नाशिकला येताना त्याने तिथल्या एका बागेतले ३ किलो ताजे चेस्टनट आणले. मराठीतून माहिती शोधायला गेले की शिंगाडाच समोर येतो. शिंगाडा तळ्यात वाढणारा आणि हे झाडावरच्या काटेरी बोंडातून निघणारे, त्यामुळे त्या माहितीचा काहीही उपयोग होत नाही. (उपवासाला चालतील का, हा सासूबाईंचा प्रश्नही याच घोटाळ्यातून आला होता.)

पहिली अडचण साठवणीची आहे. माझे माहेर निफाडकडचे. चाळीतला कांदा बघत वाढल्यामुळे, जे टिकवायचे ते वाऱ्यावर ठेवायचे हे अंगात मुरलेले. म्हणून निम्मे चेस्टनट मी टोपलीत पसरून गॅलरीत ठेवले आणि उरलेले प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ओट्याखाली ठेवले. दहा दिवसांनी टोपलीतले बरेचसे हलके झाले असून कानाशी हलवले तर खुळखुळ्यासारखे वाजतात, आणि पिशवीतल्या काहींवर हिरवट बुरशी आली आहे. म्हणजे दोन्हीकडून फसले.

दुसरी अडचण भाजण्याची. फणसाच्या आठळ्या भाजतो तसे पहिल्या दिवशी कढईत टाकले, तर एक असा फुटला की त्याचा भुगा थेट वरच्या टाइल्सवर जाऊन बसला. पुढच्या वेळी सपाट बाजूला सुरीने फुलीसारखा छेद दिला, त्यामुळे फुटणे थांबले. बाहेरचे कवच सहज निघाले, परंतु आतली पातळ तपकिरी साल गराच्या घड्यांमध्ये इतकी रुतलेली होती की नखांनी टोकरता टोकरता गराचा चुरा झाला. जो एक अख्खा निघाला, त्याची चव रताळे आणि आठळी यांच्या मधली, फार छान होती. म्हणूनच उरलेले वाया घालवायचे जिवावर येते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, माझ्या नोकरीची बारा वर्षे हिमाचलात गेली, त्या अनुभवावरून लिहितो. आधी एक खात्री करून घ्यावी. खाण्याच्या चेस्टनटला एका टोकाला अणकुची आणि तिथे बारीक तुरा असतो. पहाडात त्याच्यासारखीच दिसणारी, पण गोलसर आणि टोक नसलेली दुसरी एक बी मिळते. ती हॉर्स चेस्टनटची असून विषारी असते. आपण चव पाहिली आहे आणि बागेतलाच माल आहे, तेव्हा बहुधा चिंता नसावी. तरीही एकदा निवडून घ्यावे.

आपण कांद्याचा न्याय लावलात, लावायला हवा होता द्राक्षांचा. काजू-बदामात तेल भरपूर आणि पाणी नगण्य असते, म्हणून ते डब्यात महिनोन्महिने टिकतात. ताज्या चेस्टनटमध्ये तेल अगदी थोडे आणि पाणी जवळजवळ निम्मे असते, त्यामुळे उघड्यावर तो सुकतो आणि कोंडला की बुरशी धरतो. आपल्याकडे निर्यातीची द्राक्षे शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास ठेवतात, कारण त्यांना गारवाही हवा असतो आणि ओलावाही. त्याच विचाराने चांगले दाणे कवचासकट, भोके पाडलेल्या पिशवीत, फ्रिजच्या सर्वांत गार भागात ठेवावेत. दोन-तीन आठवडे काळजी राहत नाही. त्याहून जास्त टिकवायचे असतील तर उकडून, सोलून फ्रीजरमध्ये टाकावेत. नवीन माल आला तर मात्र पहिले तीन-चार दिवस बाहेर राहू द्यावा, पिठूळपणा थोडा साखरेत उतरतो आणि गोडी वाढते.

बुरशीचे आणि बारीक गोल भोक असलेले दाणे टाकून द्यावेत, त्या भोकातून अळी बाहेर पडलेली असते. नुसते सुकलेले दाणे सोलून पूर्ण वाळवून दळता येतात. इटलीत अशा पिठाचे केक आणि धिरडी करतात.

सोलण्याचे सगळे मर्म गरमपणात आहे. छेद कवच पार करून आतल्या सालीपर्यंत गेला पाहिजे. छेद दिलेले दाणे तासभर पाण्यात भिजवावेत आणि मग पंधरा-वीस मिनिटे उकळावेत. चार-पाचच दाणे बाहेर काढून, फडक्यात धरून, हाताला चटका बसत असतानाच सोलावेत आणि बाकीचे गरम पाण्यातच राहू द्यावेत. निवले की ती साल परत घट्ट बसते, आणि आपल्याकडे नेमके हेच झाले असावे.

मूळ प्रश्नकर्ती:

मनःपूर्वक आभार. आपण म्हणता ते अगदी बरोबर आहे, कारण सगळे एकदम ताटात उपसून गार झाल्यावरच मी सोलायला बसले होते. आज पंचवीस दाणे आपण सांगितलेल्या रीतीने उकडले, त्यांतले एकोणीस अख्खे निघाले. बोटे अजून चुरचुरत आहेत. सासूबाईंनी त्यांना तूप-जिऱ्याची फोडणी दिली, वर दाण्याचे कूट घातले आणि उपवासाचा प्रश्न परस्पर मिटवून टाकला.