चंद्राच्या कला सावलीमुळे नव्हेत

वर एका ताईंनी लिहिलंय, की त्यांच्या मुलाला वाटतं पृथ्वीची सावली पडून चंद्र अर्धा दिसतो. सावली पडते ती फक्त ग्रहणात. एरवी चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो; त्यातला किती आपल्याकडे वळलाय, एवढंच बदलतं.

मी भाचीला अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावून दाखवलं. पेन्सिलीला खोचलेला प्लॅस्टिकचा चेंडू डोक्याहून जरा उंच धरून ती डावीकडे हळूहळू फिरली. दिव्यासमोर अमावास्या, पाव फेरीनंतर उजवी बाजू उजळून अष्टमी, दिव्याकडे पाठ केली की पौर्णिमा. "मावशी, चंद्र माझ्या हातात मोठा होतोय!" असं ओरडलीच ती.

मग संकष्टीचं कोडंही सुटतं. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. म्हणून चतुर्थीला मोदक नऊच्या आसपासपर्यंत थांबतात.

नाशिककरांनी फाल्गुन-चैत्रात तृतीयेची कोर गोदाघाटावरून जरूर दाखवावी. पुस्तकात ती उभी असते, इथे नावेसारखी आडवी दिसते. मुलांना आधी तीच काढायला सांगा.