पोरींना दंड नको, आधी साइडपट्टी भरा

रानवाटा
परवा 'मालवाहू' यांनी इथे लिहिलं की शाळा सुटली की पोरी तिघी-तिघी जोडीनं रस्ता अडवतात, हॉर्न दिला तरी रस्त्याच्या खाली उतरत नाहीत. तेव्हा सायकलला हेल्मेट सक्तीचं करा, दंड लावा आणि राज्य मार्गावर सायकलीला बंदीच घाला. बऱ्याच जणांनी 'बरोबर आहे' म्हटलं. मला ते वाचून झोप लागली नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात शिकवते. आठवी ते बारावीच्या पोरींना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या, म्हणून आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी जणींची शाळा टिकली. सायकल मिळाली, पण ती चालवायची कुठं याचा विचार कुणी केला नाही.

त्या खाली का उतरत नाहीत, हे गाडीत बसून दिसणार नाही. आमच्या फाट्याजवळ जुन्या डांबरावर नवा थर टाकला आणि साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची मातीची पट्टी, तशीच सोडली. डांबराची कड आणि खालची माती यांच्यात वीतभर अंतर पडलंय. पावसाळ्यात काळी माती वाहून गेली की ते आणखी वाढतं. वरून वेडी बाभूळ रस्त्यावर झुकलेली, काटे नेमके डोळ्यांच्या उंचीवर. सायकल खाली उतरवता येते, पण परत वर घेताना पुढचं चाक त्या कडेला घासत जातं, चढत नाही, हँडल फिरतं आणि पोरगी पडते ती डांबरावर, मागून येणाऱ्या गाडीपुढं. आमच्या नववीतल्या एकीचा हात असाच मोडला. मागची दुचाकी हळू होती म्हणून ती वाचली.

बंदीचं म्हणाल, तर समृद्धी महामार्गावर सायकलला आणि दुचाकीला मनाई आहे ती मला पटते, तो बंदिस्त मार्ग आहे. आमच्या गावाला मात्र हा एकच रस्ता. त्यावर बंदी म्हणजे शाळेवर बंदी.

सायकल ट्रॅक कुणी मागत नाहीये. मुरूम टाकून, रोलर फिरवून साइडपट्टी डांबराच्या बरोबरीला आणा, बाभळी छाटा आणि शाळेच्या फाट्यावर धड गतिरोधक करा.

मालवाहू
ताई, मलाही दोन पोरी आहेत. मी पिकअप चालवतो, हंगामात वरूड-मोर्शीची संत्री भरतो. तिघी जोडीनं चालतात हे खोटं आहे का? मागच्या वर्षी एक पोरगी मैत्रिणीशी बोलता बोलता सरळ मधे आली. मी गाडी नालीत घातली. तिला खरचटलंही नाही. माझे क्रेट फुटले आणि मालकानं नुकसान पगारातून कापलं. वर गावातले लोक मलाच मारायला धावले. चूक कुणाचीही असो, दोष मोठ्या गाडीचा, हाच आपल्याकडचा न्याय. रस्ता खराब आहे तो आम्हालाही आहे. पण एका रांगेत चालायला मुरूम लागत नाही, ते शाळेनं शिकवावं.

कास्तकार_वऱ्हाड
गतिरोधकाचं नाव काढू नका राजेहो! आमच्या गावात अपघात झाला म्हणून पोट्ट्यांनी रातोरात सिमेंटचा बांधला. ना पट्टा, ना फलक. माह्या मावशीले भाच्यानं गाडीवर दवाखान्यात नेलं, तिथंच उसळून पडली, कंबर गेली. आता तिचं सगळं खाटेवरच चालू हाय. धड रस्ता द्या, गतिरोधक नका देऊ.

रानवाटा
दादा, मावशींचं वाचून वाईट वाटलं. पण तो गतिरोधक नव्हता, आडवी भिंत होती. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात तो गोलसर असतो: गाडी जाते त्या दिशेनं ३.७ मीटर रुंद आणि मधोमध फक्त १० सेंटिमीटर उंच. पांढरे पट्टे आणि आधी फलक हवाच. तसा केला तर गाडी हळू होते, माणूस उसळत नाही.

वणीकर
गतिरोधक आणि रांगा राहू द्या, खरं मरण ट्रॉल्यांचं आहे. दिवाळीनंतर कापूस जिनिंगला निघाला की संध्याकाळी रस्त्यावर पाहा. कापसाचे बोंद्रे, म्हणजे मोठाले गठ्ठे, दोन्ही बाजूंनी फुगलेले, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. माझे काका रात्री पिकाला पाणी देऊन सायकलनं परत येत होते. तेव्हा शेतीची लाइट रात्रीच येत होती, मग माणूस जाणार कधी? पंक्चर झालेली ट्रॉली अंधारात रस्त्यातच उभी, मागे दोन दगड ठेवलेले. समोरून ट्रकचा प्रकाश डोळ्यांवर आला आणि काका ट्रॉलीवर आदळले. दात गेले, जबड्याला तार बांधली, दोन महिने पेजेवर काढले. रेडियमची पट्टी कितीची येते हो?

कास्तकार_वऱ्हाड
झालं, फिरून फिरून शेतकरीच! तुमच्या वणीतून कोळशाचे ट्रक ताडपत्री न बांधता पळतात, रस्त्यावर कोळसा सांडतो, सायकलवाल्याच्या डोळ्यांत धूळ जाते, ते दिसत नाई? रेतीचे टिप्पर रातभर धावतात, त्यायच्या नंबरप्लेटवर चिखल लिपलेला असते. त्यायले कोनी हात लावत नाई. आमची ट्रॉली चार महिने रस्त्यावर येते, तर आमीच खुनी? भाव नाई, मजूर नाई, आता पट्ट्या लावा!

वणीकर
कोळशाच्या ट्रकांविरुद्ध आम्ही रस्त्यावर बसलो आहोत, ते मला शिकवू नका. ट्रकचा दिवा निदान दिसतो. दिसत नाही ती तुमची ट्रॉली. आणि माझे काकाही शेतकरीच आहेत. मागे लाल रिफ्लेक्टर हवा हे नियमातच आहे, भाव पडला म्हणून तो नियम सुटत नाही.

कास्तकार_वऱ्हाड
तुमच्या काकाचं मले वाईट वाटते. पण 'तुमची ट्रॉली' म्हणू नका. माही नव्हती ती.

कडुनिंब
उद्या कुणी रस्ताच रुंद करा म्हणेल, त्यानं झाडांचंही बोलावं. आमच्याकडे रुंदीकरणात दोन्ही बाजूंचे निंब आणि चिंचा गेल्या. मे महिन्यात ४५ अंशांत सायकलवाला कुठं थांबणार? सावलीही सुरक्षाच आहे.

मालवाहू
आता झाडं! मूळ मुद्दा रांगेचा होता.

पैनगंगाकाठ
मूळ मुद्दा जबाबदारीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्यानं कुणी मेलं वा अपंग झालं, तर कंत्राटदार, सल्लागार आणि जबाबदार यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सायकलवाल्याला दंड मागणाऱ्यांनी हे कलमही वाचावं. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनीजमध्ये नोंद झाली. मनावर घेतलं तर काम होतं. मग फाट्यावरच्या चार ब्रास मुरमाला मुहूर्त का लागत नाही?

आणि गाडी धडक देऊन पळाली, पत्ता लागला नाही, तरी घरच्यांनी गप्प बसू नये. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार भरपाई आहे. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. आमच्या गावात एका सायकलवाल्याच्या बायकोला हे कुणी सांगितलंच नाही. ती आज दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते.

रानवाटा
मालवाहू दादा, रांगेचं मी शाळेत शिकवते आणि शिकवत राहीन. पण एका रांगेतली पोरगीही त्या कडेला लागूनच चालते. तुम्ही रोज त्या रस्त्यानं जाता. कुठं कड किती खोल आहे, कुठं बाभूळ आत आलीय, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. ग्रामसभेच्या ठरावाला ती ठिकाणं जोडायची आहेत. सांगाल?

मालवाहू
सांगतो. दंडाचं तूर्त मागे घेतो, हेल्मेटचं नाही. पोरी एका रांगेत दिसल्या पाहिजेत हेही सोडत नाही. पहिली जागा लिहून घ्या: नाल्यावरचा पूल उतरला की डावीकडे, तिथं माझंही चाक खाली जातं.

वणीकर
आणि ट्रॉल्या?

कास्तकार_वऱ्हाड
लावतो रेडियम, दोन्ही ट्रॉल्यांले. पण पंक्चर झाली तर ट्रॉली रस्त्याच्या खाली घेऊ कुठं, थे सांगा. वीतभर कडेवरून तीस क्विंटल कापूस उतरवला तर तिथंच पलटी होते. मॅडमच्या ठरावात माही सही घ्या.